कॅरॅव्हॅन घेऊन कोकणात जाताना

ती. आई व अप्पा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या कॅरॅव्हॅनने कोकण करायचं ठरवलंत, उत्तम. पण तारीख गाडीवाल्याच्या सोयीने घेऊ नका, भिंतीवरचं पंचांग बघून घ्या. मुरुडकडून किनाऱ्याने खाली उतरताना चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या आहेत: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. साध्या मोटारीला त्यात काही अवघड नाही. आपल्या गाडीचं धूड मात्र मागच्या चाकांच्याही बरंच मागे येतं. ओहोटीला पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतार लांबतो. मागची चाकं बोटीच्या फळीपाशी खोलगटात आली की गाडीचं शेपूट वरच्या उतारावर घासतं, आणि पहिला तुटतो तो सांडपाण्याच्या टाकीचा नळ.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढउतार कमी. म्हणून फेरीचे दिवस सप्तमी ते दशमीत बसवा. बोटीवर चढण्याआधी सगळे खाली उतरा, सांडपाण्याची टाकी आधीच रिकामी करा, सिलिंडरची झडप सिलिंडरपाशीच बंद करा. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. गाडीच्या तळाची जाळीदार भोकं पिशव्यांनी बुजवू नका.

धाकट्याला दोन गोष्टी बजावा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, तेव्हा धुळ्याहून टाकी काठोकाठ भरून कसारा घाट उतरू नये. पाणी माणगावला भरावं. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. सतत ब्रेक दाबला की ते तापून पकड सोडतात.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी घालायचीच नाही, गावातली पोरं कितीही हात करोत. वरून टणक दिसते, पण एवढ्या वजनाखाली चाक आसापर्यंत रुततं, जॅकही वाळूत जातो आणि तोवर भरती येते. मुक्काम एखाद्या वाडीच्या अंगणात विचारून करावा, माडाखाली सोडून कुठेही. नारळ टपाचा पत्रा चेपतो, सोलर पॅनल फोडतो. आत शिरण्याआधी धाकट्याने वाट पायी बघून यावी: दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, वर लोंबत्या वीजतारा, आणि वळायला जागा नाही. खारी हवा लोखंड खाते, म्हणून बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावा आणि दर दोन-तीन दिवसांनी गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा.

आई, हर्णैला किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो. बोली मोठ्या वाट्यांवर चालते, त्यात पडू नकोस. बाजूला कोळणी बसतात, त्यांच्याकडून घे. कल्ले लालबुंद, डोळा फुगीर, बोटाने दाबलेलं मांस लगेच वर येणारं, ते ताजं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा जाण्यात अर्थ नाही.

अप्पा, तुम्हाला खरं बघण्यासारखं म्हणजे रत्नागिरीजवळ भाट्याचं नारळ संशोधन केंद्र. साडेसात मीटरवर नारळ, मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, माडाच्या खोडावर काळी मिरी. ह्याला ते लाखी बाग म्हणतात. केळीच्या ओळी मोजणाऱ्या माणसाला तिथून हलवणं कठीण! गाडी तिकडे न्यायची तर मुक्कामाला एक दिवस जास्त ठेवा.

तिकडे घाम फार येतो आणि आपल्याकडच्यासारखा सुकत नाही. तुमच्या बीपीच्या गोळ्या फ्रिजबाहेर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दादर ज्वारीचं पीठही जास्त नेऊ नका, दमट हवेत आठवड्यात कुबट होतं.

शेवटची कापूस वेचणी कधी उरकते ते कळवा, म्हणजे पौषातली की माघातली अष्टमी धरायची ते ठरवता येईल.

तुमची,
थोरली