दादाला कुठलं पुस्तक द्यायचं?

प्रिय रंजू,

आधी कामाचं. रुसायचं असेल तर पत्राच्या शेवटी रुस. येत्या आठवड्यात कधीतरी तुला दादाचा फोन येईल आणि तो आपलं ते वेबचं जाड पुस्तक मागेल. द्यायचं नाही. वाळवी लागली, सापडत नाही, कुणीतरी नेलं ते आणलंच नाही, जे सुचेल ते सांग. थापा सुचायला तुला कधी वेळ लागलेला नाही.

हो, दादाच. आपण दोघी कॉम्प्युटरपुढे बसलेल्या दिसलो की "झालं का खोक्याचं दर्शन?" विचारणारा. परवा त्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं वहिनीला काही झालं. तर म्हणे, "वेबचं प्रोग्रॅमिंग शिकायचंय. तुम्ही दोघींनी ओढाओढी करून फाडलं ते पुस्तक दे." मला हसू आवरेना. तो म्हणाला, "हसायचं असेल तर फोन ठेवून हस." मी ठेवला, हसून घेतलं आणि परत लावला. हे दुसऱ्या कुणाला सांगून काय कळणार? इथे सगळ्यांना वाटतं, किती छान, या वयात शिकतायत.

कारण ऐक. त्याची ती पुस्तकांची कार्डं आठवतात ना, बुटांच्या खोक्यांत उभी लावलेली? लेखक, प्रकाशक, साल, कपाट, खण आणि मागच्या बाजूला लाल शाईत 'कोणी नेलं'. (तुझं नाव आहे. दोनदा.) आता निवृत्त झाल्यापासून ती सगळी त्याला पडद्यावर हवीत. चार अक्षरं टंकली की कार्ड समोर यायला हवं, आणि ते त्याने स्वतः बनवलेलं हवं. व्हिडिओ नकोत. "व्हिडिओतला पोरगा माझी वाट बघत नाही. पुस्तक बघतं." याला काय उत्तर देणार? मला पटलंच ते.

आता माझी पंचाईत. आपलं पुस्तक त्याच्या हातात पडलं तर तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं करून बघणार, एक उदाहरण सोडणार नाही. आणि रंजू, ते सगळं चालेल! तेच तर दुखणं आहे. तुझ्याकडच्या भागात एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा लिहायची भाषा, त्यात अक्षराचा रंग-आकार ठरवणारं ते फाँट टॅगवालं प्रकरण आहे, मग मजकूर मधोमध आणणारं सेंटर, मग टेबलात टेबल घालून अख्खं पान मांडायचं, आणि पान 800 बाय 600 मध्ये बसलंच पाहिजे ही तंबी. आज जसंच्या तसं टंकलं तरी ब्राउझर निमूटपणे दाखवतो. 1991 साली वेबच्या जनकाने, बर्नर्स-लीने, केलेलं पान आजही उघडतं. वेब म्हाताऱ्यांना घराबाहेर काढत नाही. शिकणाऱ्याला मात्र आपण जुनं शिकतोय हे कळायला काही मार्गच उरत नाही. चूक दिसली तर माणूस थांबतो, विचारतो. चाललं की तीच सवय होते. तुझं ते जुन्या नेटस्केप ब्राउझरमध्ये लुकलुकणारं नाव तेवढं गेलं. त्यासाठीचा ब्लिंक टॅग आता कुठल्याच ब्राउझरला कळत नाही. मजकूर पळवणारं मार्की अजून धावतंय. दादाने मार्की शोधून काढलं तर प्रत्येक कार्ड पडद्यावरून धावेल आणि त्याला ते आवडेल, पैज लाव.

माझ्याकडचा भाग त्या मानाने प्रामाणिक. पीएचपीची, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेची, ती प्रकरणं, डेटाबेसशी बोलायची मायएसक्यूएल कनेक्ट, मायएसक्यूएल क्वेरी. ती फंक्शनं पीएचपी 7 आलं तेव्हा, 2015 च्या डिसेंबरात, भाषेतूनच काढून टाकली. ती टंकली की सरळ फेटल एरर, सगळं ठप्प. निदान कळतं तरी. पण त्याच प्रकरणात फॉर्ममधून आलेला मजकूर जसाच्या तसा क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाला, चिकटवायला शिकवलाय, आणि ती खोड नव्या फंक्शनांतही तशीच चालते. पुस्तकाच्या नावात एक अपॉस्ट्रॉफी आला की क्वेरी मोडणार, आणि कुणी वाह्यात माणूस आला तर तक्ता पुसून जाणार. म्हणून मी आता कुठलंही नवशिक्यांचं पुस्तक उघडते ते डेटाबेसच्या प्रकरणापाशी. क्वेरीत नुसतं प्रश्नचिन्ह ठेवून आलेला मजकूर वेगळा पाठवतात का, हे आधी बघायचं. तसं नसेल तर खाली ठेवायचं, मुखपृष्ठावर 'संपूर्ण' लिहिलेलं असो की 'सोपं'.

पुष्कळ चाळून झाली. तुला म्हणून सांगते, मुखपृष्ठावर 'सुधारित आवृत्ती' म्हणणारी निम्मी पुस्तकं प्रस्तावनेपुरतीच सुधारलेली असतात. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरात चालणाऱ्या भाषेत, पहिला व्हेरिएबल 'व्हार' ने सुरू झाला आणि 'लेट', 'कॉन्स्ट' मागे कुठेतरी 'नवीन सोयी' म्हणून कोपऱ्यात बसवलेले दिसले, की समजायचं हाडं 2015 च्या आधीची आहेत. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसचं तसंच. पान मांडायला फ्लोट, म्हणजे रकाने डावी-उजवीकडे सरकवायची जुनी युक्ती, शिकवत असतील तर 2017 च्या आधीचं, कारण ग्रिड, म्हणजे आखीव चौकटींची मांडणी, सगळ्या मोठ्या ब्राउझरांत त्या वर्षी आलं. वहिनीला जॉन डकेटचं 'एचटीएमएल अँड सीएसएस' हे देखणं पुस्तक फार आवडलं, चित्रं बघून. मलाही आवडतं. पण ते 2011 चं आहे आणि त्यातली मांडणी फ्लोटची. दादा फ्लोट शिकेल, क्लिअर शिकेल, शेजारचा रकाना खाली का पडला म्हणून रात्री फोन करेल, आणि मी सांगायचं काय, की हे आता कुणी असं करत नाही?

उलट टोकाला ती चकचकीत पुस्तकं, पहिल्या प्रकरणापासून जावास्क्रिप्टचं तयार साधन रिअ‍ॅक्ट. तुला पटणार नाही माहीत आहे, तू म्हणशील पोरं तेच वापरतात, तेच शिकव. पण यातल्या कितीतरी पुस्तकांत पहिली आज्ञाच नवा प्रकल्प उभा करून देणाऱ्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपची आहे, आणि 2025 मध्ये रिअ‍ॅक्टवाल्यांनी स्वतःच ते मोडीत काढलं. दादा पहिल्याच पानावर इशारे वाचत बसेल. पुस्तकात सगळ्यात आधी शिळं होतं ते 'हे इन्स्टॉल करा' वालं प्रकरण, आणि नवशिक्या नेमका तिथेच असतो. त्याच्या कामाला तर काहीच इन्स्टॉल करायला नको. एक एचटीएमएल फाइल, एक अ‍ॅरे, म्हणजे यादी, त्यात प्रत्येक कार्डाच्या माहितीचं एक ऑब्जेक्ट, वर एक शोधपेटी, तिच्या इनपुट इव्हेंटवर, म्हणजे दर अक्षर टंकताच, फिल्टर. कार्डं काही हजार असली तरी ब्राउझरला ते कौतुकाचं नाही. सर्व्हर नको, डेटाबेस नको. म्हणजे मी इतकी छाननी ज्या प्रकरणावरून करते ते त्याला लागणारच नाही कदाचित! पण ज्या लेखकाने तिथे लबाडी केली त्याने बाकी ठिकाणी केली नसेल कशावरून?

मला वाटलं होतं की 'एलोक्वंट जावास्क्रिप्ट' द्यावं. चौथी आवृत्ती 2024 ची आहे, अख्खं फुकट वाचायलाही मिळतं, दादाच्या भाषेत सांगायचं तर लेखकाला लिहिता येतं. पण तुझ्यासारख्यांना मानवणारं ते पुस्तक, एक पायरी चढायची आणि चार उड्या मारायच्या. चौथ्या प्रकरणात खार होणारा माणूस येतो. ब्राउझर यायला तेरावं प्रकरण उजाडतं. दादाला त्याचं एक कार्ड पडद्यावर पहिल्या संध्याकाळी दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर तो वैतागणार नाही, तक्रार करणार नाही. तो पुस्तकाचं कार्ड बनवेल, नीट खणात लावेल आणि परत कधी विषय काढणार नाही. तू त्याला ओळखतेस. त्याने आजवर माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही, म्हणून एवढा घोळ घालतेय.

आता मला हवं ते पुस्तक कसं, तर ज्याच्यात बिघडलेलं दाखवतात. बरोबर कोड सगळेच छापतात. पहिल्या वीस-तीस पानांत 'एफ 12 दाबा, हा लाल मजकूर वाचा, यात ओळीचा आकडा असतो' असं सांगून ब्राउझरची चुकांची खिडकी उघडायला लावणारी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. एका पुस्तकात तर छापणाऱ्यांनी कोडमधली अवतरणचिन्हं सुंदर वळवून ठेवलीत. दादा हुबेहूब उतरवणारा माणूस. ती वळवलेली चिन्हं त्याने ई-बुकातून उचलून डकवली की सिंटॅक्स एरर, म्हणजे ब्राउझरला कोडच वाचता येत नाही, आणि डोळ्यांना काही फरक दिसणार नाही. फाइलचं नाव नोटपॅडने गुपचूप इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी केलं तर पान न उघडता नुसता मजकूर दिसेल. याबद्दल कुठल्या पुस्तकात चार ओळी आहेत का, हे मी बघतेय. बहुतेकांत नाहीत. लेखक शिकून इतके पुढे गेलेले असतात की पहिला तास त्यांना आठवतच नाही.

आणि त्याची सगळी कार्डं मराठीत! अक्षरं कशी वाचायची हे ब्राउझरला सांगणारी मेटा चारसेटची ती एक ओळ पुस्तकात 'ही अशीच लिहा' म्हणून उरकलेली असते. ती राहिली तर कधीकधी 'लेखक' च्या जागी वर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए आणि मधे मधे ती गोल चलनाची खूण, अशी रांग. आपण त्या काळी फाँट टाकून भागवायचो आणि समोरच्याकडे फाँट नसला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा, त्याचीच धाकटी बहीण. पुढे क्रम लावायला गेला की आणखी गंमत. नुसतं सॉर्ट म्हटलं तर ते युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या, आकड्यांनी चालतं, आणि तिथे ळ हा ल च्या पाठोपाठ, व च्या आधी बसलाय. म्हणजे 'काळ' आधी आणि 'कावळा' नंतर, शब्दकोशाच्या उलट. शब्दकोश उशाशी घेऊन झोपणारा माणूस हे सहन करेल? लोकेल कंपेअर नावाचं फंक्शन वापरून त्याला मराठी आहे असं सांगावं लागतं. हे मी चाळलेल्या एकाही पुस्तकात नाही, ते मीच कागदावर लिहून पुस्तकात घालून देणार आहे.

तर माझं जवळजवळ ठरलंय. जाडजूड 'सगळं एकात' द्यायचंच नाही. एचटीएमएल-सीएसएसचं एक बारीक पुस्तक, ग्रिड शिकवणारं, आणि जावास्क्रिप्टचं दुसरं बारीक, जे पहिल्याच प्रकरणात ब्राउझरमध्ये काम करतं. दुसरं त्याने मागितल्यावरच. म्हणजे एचटीएमएल आधी. ऐकू येतंय मला, काय म्हणतेयस ते. एचटीएमएल आधी की नाही, याच्यावरूनच आपल्या पुस्तकाचा कणा उसवला होता, आणि ओढलं तू होतंस, हे मी अजून लेखी द्यायला तयार आहे. पण तुझ्याकडे दरवर्षी नवी पोरं येतात, तू त्यांना शिकवतेस, तर भांडण बाजूला ठेवून एक सांग. ती पोरं पहिल्यांदा कुठे अडकतात? आणि कृपा करून 'ओळीच्या शेवटी सेमिकोलन न लिहिता शिकव' असं सांगू नकोस. पुढची ओळ चौकटी कंसाने सुरू झाली आणि दोन्ही ओळी एकमेकींना चिकटल्या, की दादाला समजवायला तू जाणार आहेस का?

एक मात्र खुपतंय. त्याने ते पुस्तक मागितलं ते चांगलं आहे म्हणून नाही, हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं. त्याने आयुष्यात वेबचं तेवढं एकच पुस्तक कुणाच्या तरी हातात पाहिलंय, जेवायला बोलावलं तरी न उठणाऱ्या दोन मुलींच्या. त्याला वाटतंय, त्याच पुस्तकात काहीतरी असणार. आता त्याला कोऱ्या करकरीत दोन बारीक वह्यांसारखं काही दिलं तर म्हणेल, हे ते नाही. म्हणून माझ्याकडचा भागही मी माळ्यावर टाकलाय, आणि तुझ्याकडचा निघता कामा नये.

मी ठीक आहे, पाठ आहे तशी आहे, बीपीची गोळी चालू. इतके महिने लिहिलं नाही याबद्दल तू जे म्हणशील ते मान्य. चिनूचा निकाल लागला का? काकूंचा गुडघा? नव्या जागेत सामान लागलं की अजून खोक्यांतून चमचे शोधतेयस? प्रकाशला सांग, त्याचा तो जुना कीबोर्ड अजून माझ्याकडेच आहे, आणि चालतो. सगळं सविस्तर लिही, फोनवर तू निम्मं गाळतेस.

तुझी,
शुभा

ता. क. दादाशी बोलताना चुकूनसुद्धा 'हे एक्सेलमध्येही होईल की' म्हणू नकोस. मी म्हटलं, तर वहिनीला मधे पडून फोन घ्यावा लागला.