शनिवारवाड्याच्या 100 मीटरच्या आत राहणाऱ्या एका भाडेकरूचं केंद्रीय सांस्कृतिक मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय, तुमच्या ऑफिसात कुणीतरी वाचून दाखवेलच. शनिवारवाड्याभोवतीच्या 100 मीटरचा विषय काढला की इथे गल्लीतल्या कार्यकर्त्यापासून वरपर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर, "ताई, तो केंद्राचा कायदा आहे, आमच्या हातात काही नाही." म्हणून म्हटलं ज्यांच्या हातात आहे त्यांनाच लिहावं.

कायदा तुम्हाला पाठ असेल, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. प्राचीन स्मारकांचा कायदा 1958 चा, त्याखाली 16 जून 1992 ला अधिसूचना निघाली आणि 2010 च्या दुरुस्तीने ती कायद्यातच पक्की झाली. स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्याच्या पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र. पुढच्या 200 मध्ये परवानगी काढून बांधता येतं, पहिल्या 100 मध्ये नाही म्हणजे नाही, फक्त जुन्या घराची दुरुस्ती करता येते आणि तीही परवानगी घेऊन. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. देशभरातल्या साडेतीन हजारांवर स्मारकांना हीच पट्टी, ताजमहालालाही 100 मीटर आणि उत्तरेत हायवेच्या कडेला उभा असतो त्या कोस मिनारालाही, म्हणजे अंतर दाखवणाऱ्या जुन्या खांबालाही, 100 मीटर. ताजमहालाभोवती काय आहे मला माहीत नाही, पण शनिवारवाड्याभोवती माणसं राहतात हो. 1730 मध्ये पायाभरणी झाली तेव्हापासून राहतात. एका अंगाला कसबा, एका अंगाला शनिवार, खाली बुधवार पेठ, भिंतीला भिंत लावून घरं.

आमचा वाडा शनिवार पेठेत. तळमजला, वर एक मजला आणि मागे पोटमाळा. एके काळी अकरा बिऱ्हाडं होती, आता सहा उरलीत. खाली दगडी बांधकाम, वर कच्च्या विटा, मध्ये लाकडी सांगाडा, डोक्यावर कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत, आणि त्याच्यावर मातीचा थर. पाऊस लागला की ही माती भिजून जड होते आणि तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरलेलं असतं नेमकं तिथूनच ती कुजत जाते, बाहेरून बघाल तर तुळई ठणठणीत, पण भिंतीपाशी स्क्रू ड्रायव्हर टोचला की मुठीपर्यंत आत. आमच्या स्वयंपाकघरात मधोमध लोखंडी टेकू उभा आहे, सेंटरिंगवाल्याकडून भाड्याने आणलेला. खोलीचं भाडं महिना 42 रुपये आणि टेकूचं भाडं त्याच्यापेक्षा जास्त. हसू नका, खरं आहे. त्या टेकूमुळे गॅसचा ओटा सरकवावा लागला आणि आता फ्रीजचं दार अर्धंच उघडतं.

पावसाळ्याच्या आधी दारावर धोकादायक इमारतीची नोटीस लागते, घर रिकामं करा नाहीतर होणाऱ्या परिणामांना तुम्ही जबाबदार. लोक विचारतात मग तुम्ही निघत का नाही, जिवापेक्षा काय मोठं. बरोबर आहे. पण लांबच्या पेठेत, सदाशिव म्हणा, शुक्रवार म्हणा, वाडा रिकामा करायचा झाला तर भाडेकरूला माहीत असतं की बिल्डर येणार, तीन-चार वर्षं बाहेर राहू, कटकटी होतील, कोर्टकचेरी होईल, पण शेवटी त्याच जागी आपल्या नावाचा एखादा फ्लॅट मिळेल. त्या आशेवर माणूस निघतो. आमच्याकडे एकदा वाडा उतरवला की तिथे पुन्हा काही उभंच राहू शकत नाही. मोकळ्या जागेत कोणता हक्क परत घेणार? म्हणजे आम्ही बाहेर पडलो तर कायमचे बाहेर. म्हणून लोक टेकू लावून, वर निळी ताडपत्री टाकून राहतात आणि दर पावसात रात्री माती कुठे पडतेय ते ऐकत बसतात. धोकादायक वाड्यात लोक का राहतात ह्या कोड्याचं आमच्यापुरतं उत्तर तुमच्या कायद्यात आहे.

दुरुस्तीला परवानगी आहे ना, मग करा की, असंही म्हणतात. कोणी करायची? मालमत्ता पत्रकावर मालकांची नावं वाढत वाढत आता वीसच्या पुढे गेलीत, काही अमेरिकेत, काहींचे वारस लागायचेत, सगळ्यांच्या सह्या एका कागदावर येईपर्यंत दोन पावसाळे जातात. आणि 42 रुपये भाड्यावर कुठला मालक सागवानी तुळया बदलणार? हा दोष तुमच्या खात्याचा नाही, मान्य. भाडेनियंत्रण आणि भाऊबंदकी ही आमची घरची भांडणं आहेत. पण त्यातून वाट काढायची म्हणून आम्ही सहा बिऱ्हाडांनी ठरवलं की जागा विकतच घेऊ. मालकांपैकी जे पुण्यात आहेत ते तयार होते, म्हणाले आम्हालाही ह्यातून सुटायचंय. एका बँकेत गेलो तर तिथल्या माणसाने पत्ता वाचला, मॅपवर बघितलं आणि विचारलं, "आतलं का बाहेरचं?" आतलं म्हटल्यावर फाईल मिटली. घर पडलं तर तारण म्हणून राहणार काय, नुसती जमीन, तीसुद्धा जिच्यावर काही बांधता येत नाही अशी. त्याच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं.

मजा म्हणजे 100 मीटरच्या बाहेर भाव पेटलेत. सप्टेंबर 2024 मध्ये कसबा पेठ मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून तर विचारूच नका, एजंट लोकांचे मेसेज, मेट्रोपासून चालत पाच मिनिटं, लिफ्ट, पार्किंग. (पेठेत पार्किंग! गणपतीत या म्हणावं.) जाता जाता, इथे घर घेणाऱ्यांना एक सांगते, टोकन देण्याआधी स्मारकाच्या हद्दीपासूनचं अंतर कागदावर मागा, एजंटच्या तोंडी नको, आणि बिल्डिंग 1992 च्या आधीची असेल तर त्याचा पुरावाही मागा.

आता नजरेचं बोलू, कारण हा नियम स्मारकाचं रूप झाकलं जाऊ नये म्हणून आहे असं सांगतात. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा आमच्या वाड्यात पाणी वरच्या मजल्याला टेकलं होतं असं सासूबाई सांगायच्या. हा वाडा टिकला, आजूबाजूचे बरेच बसले. जे पडले त्यांच्या जागी पुढे सिमेंटच्या बिल्डिंगा झाल्या, तीन-चार मजली, तेव्हा हा नियम नव्हता. त्या आजही उभ्या आहेत आणि बिनधास्त विकल्या जातात. पुरात तरलेला एकमजली वाडा मात्र आता पडला की संपला. म्हणजे स्मारकाच्या शेजारी शोभेल असं जे काही उरलंय, चौक, कडीपाट, कोरीव खांब, तेच तेवढं ह्या नियमाने एकेक करून चाललंय आणि त्या जागी काय येतं तर पत्रे, कचरा आणि पे अँड पार्क. शनिवारवाडा स्वतः 1828 च्या आगीत जळाला, आत जोती आणि कारंजी राहिलीत. तो बघायला येणाऱ्याला आसपास एक तरी नांदतं घर दिसावं असं तुम्हाला वाटत नाही का?

बिल्डरला मोकळं रान द्या असं मी म्हणत नाहीये, हे नीट वाचा, कारण इथे ज्याने त्याने हा विषय काढला त्याच्या मागे कुणीतरी अकरा मजल्यांचा प्लॅन घेऊन उभा असतो आणि त्याची मलाही भीती वाटते. मागणी फार छोटी आहे. तुमच्याच कायद्यात पुनर्बांधणीची व्याख्या दिलेली आहे, आधी जे बांधकाम होतं तेवढीच लांबी-रुंदी, तेवढीच उंची. ही पुनर्बांधणी नियंत्रित 200 मीटरमध्ये परवानगीने करता येते. प्रतिबंधित 100 मीटरसाठी कलम 20 सी मध्ये फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरण लिहिलंय, तिथे राहत्या घरांपुरती पुनर्बांधणी घाला. जितका वाडा होता तितकाच पुन्हा, एक इंचही वर नाही. वाढीव एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधायची मुभा, नको, टॉवर नको. जादा मजला नाही म्हटल्यावर बिल्डर फिरकणार नाही हे आम्हालाही कळतं, बांधकामाचा खर्च सहा बिऱ्हाडं आणि मालक मिळून काढू, आणि परत बांधता येतं एवढं कागदावर आलं की कर्जासाठी पुन्हा बँकेच्या दारात जायला तोंड राहील.

कायदा बदलणं अवघड असतं म्हणाल, तर जानेवारी 2018 मध्ये लोकसभेने ह्याच 100 मीटरसाठी दुरुस्ती पास केली होती की, केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना वाट मिळावी म्हणून. राज्यसभेत ती प्रवर समितीकडे गेली. म्हणजे 100 मीटर ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही हे तुमच्याच सरकारने मान्य केलेलं आहे, फक्त तेव्हा यादीत आम्ही नव्हतो.

आणखी एक. 2010 च्या दुरुस्तीत असंही आहे की प्रत्येक स्मारकासाठी वेगळे वारसा उपविधी करायचे, म्हणजे त्या जागेचं बघून नियम. शनिवारवाड्याच्या उपविधींचं काम नक्की कुठल्या टप्प्यावर आहे, मसुद्यावर राहणाऱ्यांचं म्हणणं कधी, कुठे आणि कुठल्या भाषेत ऐकणार, आणि त्यात भाडेकरूला बोलायला जागा आहे का नुसता मालकालाच, ह्या तीन गोष्टींचं उत्तर लेखी द्या. मेपर्यंत मिळालं तर बरं, जूनमध्ये आम्हाला ताडपत्री बदलायची असते.

आपली,
शनिवार पेठेतली एक भाडेकरू

ता.क. सहाही बिऱ्हाडांच्या सह्यांची प्रत पोस्टाने वेगळी पाठवतेय. मालकांपैकी तिघांनीही सही केली आहे, त्यांनी एका कागदावर सह्या केल्या ही गोष्ट इथे राहणाऱ्यालाच कळेल.