संपर्क तुटल्यावर रोबोने काय करायचे?

महोदय,

दूरवरून चालवायच्या रोबोंची चर्चा ‘माणसाच्या हाती ठेवायचा की मोकळा सोडायचा’ यावरच अडते. काम करणाऱ्यांपुढे प्रश्न वेगळा असतो: कोणता निर्णय कोणाचा, आणि मध्येच संपर्क तुटला तर?

ही वाटणी बहुतेक वेळा विलंबच, म्हणजे संदेश जाण्या-येण्यात लागणारा वेळ, ठरवतो, पण एकटा नव्हे. विलंब गुणिले वेग पाहावे लागते. मंगळावर संदेश एका बाजूने पोचायलाच ३ ते २२ मिनिटे लागतात. म्हणून तिथल्या बग्गीला कुठे जायचे तेवढे सांगतात, वाटेतले दगड तिने स्वतः चुकवायचे. चंद्रापर्यंत संदेश जाऊन परत यायला सुमारे अडीच सेकंद. २७ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’ बग्गीपुढे ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचे विवर दिसले आणि माघारी फिरण्याचा आदेश तिला देण्यात आला. बग्गीचा वेग सेकंदाला सुमारे १ सेंटीमीटर. सरळ गेली असती तरी पाच मिनिटे हाताशी होती.

कारखान्यात मात्र अर्धा सेकंदही भारी पडतो. यांत्रिक हात सेकंदाला १० सेंटीमीटर वेगाने व्हॉल्व्हकडे चालला आहे, चित्र येण्यात आणि आदेश जाण्यात मिळून अर्धा सेकंद जातो. स्पर्श झाल्याचे दिसून ‘थांब’ पोचेपर्यंत हात आणखी ५ सेंटीमीटर घुसू पाहतो, आणि यात माणसाच्या प्रतिक्रियेचा वेळ धरलेलाच नाही. लोखंडाला लोखंड भिडल्यावर याचा अर्थ वाकलेला दांडा किंवा तुटलेले गिअरचे दाते. म्हणून हाताच्या दाबाचे नियंत्रण रोबोच्या अंगातच हवे, सेकंदाला साधारण १००० वेळा चालणारे. ऑपरेटरने दिशा आणि दाबाची मर्यादा द्यावी. मनगटातल्या सेन्सरला ती ओलांडलेली कळताच हात तिथेच सैल पडावा. कोणता व्हॉल्व्ह, किती फिरवायचा, हे माणसानेच ठरवावे.

‘संपर्क तुटल्यास रोबो थांबेल’ ही ओळ माहितीपत्रकांत हमखास असते. कसा थांबेल, ते नसते. मोटरची वीज तोडली आणि सांध्यांना ब्रेक नसतील तर हात स्वतःच्या वजनानेच खाली येतो. पकड उघडली तर भार पडतो. पाण्याखालची याने बहुधा किंचित तरंगती ठेवतात, बंद पडली तर वर यावीत म्हणून. वर छत असेल तर तीच सोय सापळा ठरते. केबल लावली म्हणजे सुटलो, असेही नाही. २०११ मध्ये फुकुशिमात ‘क्विन्स’ रोबोची केबल निकामी झाली आणि तो अणुभट्टीच्या इमारतीतच राहिला.

त्याहून घातक क्षण संपर्क परत येण्याचा. टीसीपी ही नेटवर्कवर माहिती पाठवण्याची नेहमीची पद्धत हरवलेले पॅकेट (माहितीचा तुकडा) पुन्हा पाठवते, तोवर मागचे सगळे खोळंबतात आणि मग जुन्या आदेशांचा लोंढा एकदम रोबोवर आदळतो. जॉयस्टिकचे आदेश यूडीपीवरून, म्हणजे हरवलेले पॅकेट पुन्हा न पाठवणाऱ्या पद्धतीने, पाठवावेत, प्रत्येकावर क्रमांक आणि वेळ घालावी, आणि नेहमीच्या विलंबाहून, समजा, २०० मिलिसेकंद जास्त जुना आदेश सरळ टाकून द्यावा. दोन्हीकडची घड्याळे जुळवलेली नसतील तर हा उपाय उलटतो. ताजे आदेशही फेकले जातात. अपवाद एकच, आपत्कालीन ‘थांब’. तो कितीही जुना असो, पाळायचाच.

ताबा बदलतानाही असाच धक्का बसतो. रोबो स्वतः एका वेगाने चाललेला, ऑपरेटरची जॉयस्टिक भलत्याच बाजूला कललेली. ती मध्यावर आल्याशिवाय ताबा देऊच नये. आत्ता ताबा कोणाकडे आहे, हे पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसावे आणि रोबो पुढे कुठून जाणार ती रेघ आधी दाखवावी. नुसते पाहत बसायला लावलेला माणूस ऐनवेळी सावध असेल, ही अपेक्षा मुळातच भाबडी आहे.

प्रात्यक्षिके नेहमी उत्तम वायफायवर, मोकळ्या जागेत होतात. खरेदी करणाऱ्यांनी स्वीकृती चाचणीत विलंब ५० पासून १००० मिलिसेकंदांपर्यंत वाढवत न्यावा, शंभरातली पाच-दहा पॅकेटे मुद्दाम गाळावीत, आणि रोबोने भार उचललेला असताना संपर्क तोडून तीस सेकंदांनी पुन्हा जोडावा. प्रत्येक वेळी रोबोने काय केले, त्याचा लॉग (नोंद) पुरवठादाराकडून लेखी घ्यावा आणि मगच बिल मंजूर करावे.

— दूरचालित यंत्रांच्या क्षेत्रातील एक वाचक