राजवाड्यावर निशाण होळकरांचंच होतं

इंदूर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

वसाहतवाद, साम्राज्यवाद आणि उत्तर-वसाहतवाद या तिन्हींच्या व्याख्या तुझ्या पाठ आहेत, पण पहिल्या दोहोंत नेमका फरक काय ते कळत नाही, असं तू फोनवर म्हणालीस. घाईत काहीतरी सांगण्यापेक्षा लिहावं असं वाटलं. आणि हा फरक समजायला आपल्या इंदुराइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

इंदूर ब्रिटिशांची वसाहत कधीच नव्हतं. मुंबई होती, मद्रास होतं. तिथे कलेक्टर त्यांचा, कायदा त्यांचा, सारा वसूल करणाराही त्यांचाच. इथे राजवाड्यावर निशाण होळकरांचं आणि गादीवरही होळकरच. पण 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरची लढाई हरली, 6 जानेवारी 1818 ला मंदसौरचा तह झाला, आणि खानदेश गेला, राजपूत राज्यांवरचे हक्क गेले. इतर राज्यांशी परस्पर बोलणी करायची सोय राहिली नाही. गादीवर तेव्हा दुसरे मल्हारराव, अजाण मुलगा. इंदुरात रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिशांचा प्रतिनिधी, येऊन बसला. राज्य होळकरांचं, पण मोठा निर्णय घ्यायचा तर आधी रेसिडेन्सीकडे बघायचं.

साम्राज्यवाद हा मोठा शब्द आहे. दुसऱ्याच्या मुलुखात आपला शब्द चालवण्याच्या सगळ्या रीती त्यात येतात. वसाहत ही त्यातली एक रीत: तिथे जाऊन स्वतः कारभार हातात घेणं, कधी आपली माणसंही नेऊन वसवणं. फ्रान्सने 1830 पासून अल्जीरियात तेच केलं. चांगल्या जमिनी युरोपीय कुटुंबांना दिल्या, आणि 1962 मध्ये तो देश सुटला तो रक्तपातानंतर.

अफूचं उदाहरण मात्र नीट लक्षात ठेव, कारण ते आपल्या माळव्याचं आहे. बंगाल-बिहारात अफूवर ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता होता. शेतकऱ्याने पेरायचं आणि कंपनीलाच, कंपनीच्या भावाने घालायचं. माळव्यात जमीन संस्थानिकांची, तिथे हा मक्ता चालेना. आधी त्यांनी माल रोखून पाहिला, विकत घेऊन पाहिला. ते जमेना, तेव्हा 1830 च्या सुमारास नवी युक्ती काढली: पेटीमागे पैसे भरा, पास घ्या, मग मुंबईला न्या. काही व्यापारी सिंधमार्गे कराची आणि तिथून पोर्तुगीजांचं दमण अशा वाटेने माल काढत. 1843 मध्ये सिंध जिंकल्यावर तीही वाट बंद झाली आणि पासाची रक्कम चढत गेली. खसखशीचं एकही शेत त्यांच्या सरकारचं नव्हतं, तरी मुंबईला उतरणाऱ्या प्रत्येक पेटीत त्यांचा वाटा होता. पीक एकच, पण बंगालमध्ये वसाहतीचा कारभार आणि माळव्यात वसाहतीशिवायचं साम्राज्य. इंदूर-उज्जैनचे सावकारही या धंद्यात गबर झाले. तेही लिही. इथल्या भागीदारांशिवाय हे चाललंच नसतं.

आणि माल जात होता कुठे? चीनला. 1839 मध्ये तिथल्या सरकारने परदेशी व्यापाऱ्यांची अफू जप्त करून नष्ट केली, त्यावरून ब्रिटनने युद्ध पुकारलं. 1842 च्या नानकिंगच्या तहात पाच बंदरं उघडून घेतली, 2 कोटी 10 लाख डॉलर उकळले आणि हाँगकाँग घेतलं. हाँगकाँग वसाहत झालं, 1997 पर्यंत राहिलं. बाकी चीन वसाहत झाला नाही, पण त्याची मान मात्र वाकवली गेली. इथल्या काळ्या मातीतलं पीक तिकडची घरं उद्ध्वस्त करत होतं, हे नववीच्या वर्गात शिकवताना अजूनही माझ्या घशात काहीतरी अडकतं.

'त्यांनी रेल्वे तर दिली' असं कुणीतरी म्हणेलच. खंडवा-इंदूर मार्गासाठी तुकोजीराव होळकरांनी 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले, 101 वर्षांच्या मुदतीने. पातालपाणीच्या घाटातून जाणारे रूळ ते हेच. रेल्वेचा उपयोग झालाच, पण कुणी काय दिलं ते नीट मांड.

आता जे लिहिते ते आपल्याबद्दल. आपली घरं माळव्यात आली ती मराठी फौजांच्या मागोमाग. 1741 मध्ये मोगलांकडून माळव्याचा अधिकार पेशव्यांना मिळाला तेव्हा इथल्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि चौथाई त्यानेच भरली होती. फरक आहेच: होळकर इथेच राहिले, अहिल्याबाईंनी इथेच राज्य केलं, वसूल झालेल्यातलं पुष्कळ याच मुलुखात खर्च झालं. दादाभाई नौरोजींनी दाखवलेली, देशाबाहेर अखंड वाहून जाणारी संपत्ती ही गोष्ट वेगळी. पण तो फरक आपल्या सोयीने फुगवू नकोस. कोण ठरवतं आणि कुणाच्या घरात पैसा जातो, हे आपल्या माणसांनाही विचारायचं.

उत्तर-वसाहतवाद म्हणजे 'इंग्रज गेल्यानंतरचा काळ' एवढंच लिहिलंस तर गुण मिळतील, पण समज अपुरी राहील. राज्य गेल्यावरही त्याने लावलेल्या वळणांची झाडाझडती घेणं, हे त्याचं काम. 1871 च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. तरी कुठे चोरी झाली की अजून पारधी वस्तीकडे बोट जातं, आणि ते बोट आपल्यासारख्या घरांतलं असतं. मला याची चीड येते.

आणि इंदूरजवळचं महू. 14 एप्रिल 1891 ला बाबासाहेब तिथे जन्मले, वडील पलटणीत सुभेदार आणि लष्करी शाळेत शिक्षक. छावणी साम्राज्याची, पण गावच्या शाळेने ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांना अक्षरं तिथे मिळाली. पुढे त्याच ब्रिटिशांनी महारांची भरती थांबवली. या दोन्ही गोष्टी एकाच उत्तरात आल्या पाहिजेत. एक गाळून दुसरी लिहिणारे पुष्कळ भेटतील तुला.

पेपरात जागा कमी पडली तर अल्जीरिया गाळ, रेल्वे गाळ. अफू आणि 1871 चा कायदा गाळू नकोस. आणि उत्तराचा कच्चा मसुदा झाला की पाठव, मी वाचून खुणा करून देते. बाबा आशीर्वाद सांगतायत.

तुझी,
आई