कुत्रा चावल्याची ‘एनसी’ (अदखलपात्र नोंद) पुरेशी नाही

संपादक महोदय, स. न.

पाळीव कुत्र्याने माणसावर हल्ला केल्याची बातमी आली की दोन मागण्या हमखास पुढे येतात. अमुक जातीच्या कुत्र्यांवर बंदी घाला आणि मालकांसाठी कडक कायदा करा. जातीवर बंदी घालण्याचा प्रयत्न केंद्राने १२ मार्च २०२४ च्या पत्रकाने केला होता. २३ जातींची ती यादी संबंधितांशी सल्लामसलत न करता काढली, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच ते पत्रक रद्द केले. कायदा तर आपल्याकडे १८६० पासून आहे. दंड संहितेचे जुने कलम २८९ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ झाले आहे. तरीही जखमी माणसाच्या हाती काही लागत नाही, कारण हल्ल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात पोलीस ठाण्यात आणि दवाखान्यात प्रकरण कच्चे राहते. तिथे नेमके काय चुकते ते वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

कलम २९१ कुत्रा चावण्याबद्दल बोलतच नाही. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका असताना, तो टाळण्यापुरती खबरदारी जाणूनबुजून किंवा हयगयीने न घेणे, हाच गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातले दोन शब्द फिर्याद लिहिताना डोळ्यांपुढे हवेत. पहिला ‘ताबा’. परवाना कोणाच्या नावावर आहे याने प्रश्न संपत नाही. साखळी त्या वेळी कोणाच्या हातात होती, फाटक कोणी उघडे टाकले, हेही पाहिले जाते. पन्नास किलोचा कुत्रा बारा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन फिरायला पाठवला असेल, तर हयगय मुलाची नसते, ज्याने पाठवला त्याची असते. दुसरा शब्द ‘संभाव्य’. मालकाला धोक्याची कल्पना होती किंवा असायला हवी होती, हे दाखवावे लागते. म्हणूनच ‘आमचा कधी कोणाला चावला नव्हता’ हा बचाव जवळपास प्रत्येक खटल्यात येतो. तो खोडायचा असेल तर आधीच्या लेखी तक्रारी, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त, सोसायटीच्या व्हाॅट्सअ‍ॅप गटावरचे ‘आज पुन्हा मोकळा होता’ असे तारखेनिशी संदेश कामाला येतात. तोंडी कुरबुरींना कोर्टात वजन नसते. दारावरची ‘कुत्र्यापासून सावध रहा’ ही पाटी आपल्याला वाचवेल असे अनेक मालकांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. धोका माहीत होता हे ती पाटीच सांगते, आणि पार्सल द्यायला बोलावलेल्या माणसासाठी ती पुरेशी खबरदारी ठरत नाही.

प्रत्यक्ष इजा झाली की आणखी कलमे लागतात. हयगयीच्या कृत्याने दुखापत झाली तर १२५(अ) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जबर दुखापत झाली तर १२५(ब) खाली कैद तीन वर्षांपर्यंत आणि दंड १०,००० पर्यंत जातो. माणूस दगावला तर कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कुत्रा मुद्दाम ‘छू’ म्हणून अंगावर सोडला, तर ती हयगय राहत नाही. प्राण्याचा वापर करून इच्छापूर्वक दुखापत हा कलम ११८ चा वेगळा आणि जड गुन्हा होतो. सोडला नाही, पण दुसऱ्याला धाक बसावा म्हणून हिंस्र कुत्र्याचे मुसके सोडायला घेतले, तरी तो हमला ठरतो. हे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे.

आता दवाखाना. जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. दात लागून रक्त आले असेल तर रेबीजची लस आणि जखमेत व भोवती टोचायचे इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे), दोन्ही लागतात. नुसत्या लशीवर परत पाठवले तर विचारावे. अशी जखम घाईने शिवत नाहीत. शिवणे भागच असेल तर इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर, सैल टाके घालतात. पट्टी बांधण्यापूर्वी जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावेत आणि ‘एमएलसी’ (पोलिसांना कळवण्याचे वैद्यकीय प्रकरण) नोंदवा असे स्पष्ट सांगावे. फाटलेले कपडे धुऊ नयेत, सुकवून कागदी पिशवीत ठेवून पोलिसांकडे द्यावेत.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. पहिल्या दिवशीच्या दाखल्यावर डॉक्टर ‘साधी दुखापत’ लिहितात, कारण त्या क्षणी तेवढेच दिसत असते. चार दिवसांनी क्ष-किरणात बोटाचे हाड मोडल्याचे दिसते, चेहऱ्यावरचा व्रण कायमचा राहणार हे कळते, पण कागद तोच राहतो आणि प्रकरण हलक्या कलमाखाली चालते. हाड किंवा दात मोडणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना असणे वा रोजचे व्यवहार करता न येणे, या सर्वांना कलम ११६ जबर दुखापत म्हणते. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते, आता पंधरा आहेत. म्हणून सोळाव्या दिवशी त्याच रुग्णालयातून पुरवणी अभिप्राय घ्यावा, कामावर गैरहजेरीचा दाखला जोडावा आणि वाढीव कलमासाठी तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा. पोहोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.

पोलीस ठाण्यात पुष्कळदा ‘एनसी’ लिहून बोळवण होते. कलम २९१ आणि १२५ दोन्ही दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवून स्वतः तपास करायचा असे, जामीनपात्र असले तरी. त्यामुळे नुसती अदखलपात्र नोंद घेणे कायद्याला धरून नाही. एफआयआर घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना (शहरात उपायुक्तांना) लेखी अर्ज पाठवावा. तरीही हालचाल नसेल तर दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह कलम १७५(३) चा अर्ज करता येतो. या पायऱ्या गाळल्या तर अर्ज परत येतो. मुदतही लक्षात ठेवावी: सहा महिन्यांच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालय एका वर्षाच्या आतच घेऊ शकते.

‘शेजारच्यांचा कुत्रा मला चावला’ एवढीच फिर्याद असेल तर आरोपीच्या वकिलाचे अर्धे काम तिथेच होते. फिर्याद अशी हवी: ‘कुत्रा पट्ट्याविना होता. सोबत अमुक होते, त्यांनी हाक मारूनही तो थांबला नाही. फाटकाची कडी तुटलेली असून त्याबद्दल अमुक तारखेला लेखी कळवले होते. मी त्याला डिवचले नव्हते, जिन्याने वर जात होतो.’ डिवचले नव्हते हे वाक्य विसरू नये. उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसतो.

सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. सोसायटीच्या सचिवांना त्याच दिवशी लेखी पत्र द्यावे, आणि प्रत घेताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र, त्यातल्या हॅश मूल्यासह (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा), तयार करून घ्यावे. प्रमाणपत्राविना चित्रण पुरावा म्हणून स्वीकारताना अडचण येते. वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली लिफ्टमध्ये पाळीव कुत्रा चावल्याच्या खटल्यात लिफ्टमधले चित्रण निर्णायक ठरले आणि २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. राॅटवायलर जातीचा कुत्रा चावल्याच्या २०१० मधल्या एका घटनेत गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची शिक्षा दिली ती २०२३ साली. एवढी वर्षे साक्षीदारांची आठवण टिकत नाही, कागद मात्र टिकतो.

कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे लागते, रेबीज आहे का ते त्यातून कळते. या काळात मालक त्याला ‘गावी’ पाठवून देतात, हे सर्रास होते. त्याने पुरावा जातो आणि जखमीचा जीवही टांगणीला लागतो. कुत्रा कुठे आहे, लसीकरणाची वही कुठे आहे, हे पंचनाम्यात आणि जबाबात आलेच पाहिजे. संतापाच्या भरात कुत्र्याला मारहाण मात्र करू नये. प्राण्याला ठार करणे किंवा अपंग करणे न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे.

दंडाच्या ५,००० रुपयांत औषधोपचाराचा खर्च निघत नाही हे खरे. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली फौजदारी न्यायालय आरोपीला नुकसानभरपाईही द्यायला लावू शकते. ती क्वचितच मागितली जाते. औषधांची बिले, बुडालेल्या मजुरीचा हिशेब आणि पुढील शस्त्रक्रियेचा अंदाज सरकारी वकिलांकडे वेळेवर पोहोचला, तर ती मागता येते. सरकारी वकिलांनीही प्रत्येक खटल्यात ती आपणहून मागायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

मालकांना सांगण्यासारखे थोडेच आहे. पट्टा चार-पाच फुटांचा, लांबत जाणारा नको. तोंडाला जाळीचे मुसके, ज्यात कुत्र्याला धापता आणि पाणी पिता येते. कापडी पट्टी आवळली तर त्याला उष्माघात होऊ शकतो. फाटक आपोआप मिटणारे असावे. लिफ्टमध्ये आधीच माणसे असतील तर पुढच्या फेरीला थांबावे. आणि कुत्र्याला दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवणे ही खबरदारी नव्हे. असा कुत्रा जास्त बिथरतो, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तोही गुन्हाच आहे.

माझी मागणी नव्या कायद्याची नाही. गृह विभागाने सर्व ठाण्यांना परिपत्रक काढावे: पाळीव कुत्र्याच्या हल्ल्यात जखम झाली असेल तर एनसी नको, एफआयआर नोंदवा, पंचनाम्यात पट्टा, मुसके, फाटक आणि कुत्रा कोणाच्या ताब्यात होता याची नोंद करा, आणि सोळाव्या दिवशी पुरवणी वैद्यकीय अभिप्राय तपास अधिकाऱ्यानेच मागवा.

आपला,
फौजदारी न्यायालयात वकिली करणारा एक वाचक