इनचार्जचं पद मी घेतलं नाही

बेळगाव,
रविवार रात्र

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा गप्प होतात आणि आई लगेच "जेवलीस काय?" म्हणून विषय बदलते, म्हणून लिहितेय. दोघं जवळ बसून वाचा. बाबा, चष्मा लावून मोठ्यानं वाचा. "नंतर सांगतो" म्हणून कागद खिशात घालू नका.

इस्पितळातल्या नोकरीचा मी राजीनामा दिलाय, गेल्या शनिवारी. इनचार्ज सिस्टरचं, म्हणजे वॉर्डातल्या मुख्य नर्सचं, पद मी घेतलं नाही. एक तारखेपासून निपाणीला एका डायलिसिस सेंटरवर रुजू होतेय. पगार चार हजारांनी कमी आहे.

बाबा, तुम्ही देवळासमोर सगळ्यांना सांगितलंत की आमची पोर इनचार्ज झाली, हे मंगळवारी काकीनं मला सांगितलं. तेव्हा मी वर 'नाही' कळवून दोन दिवस झाले होते. चादरी मोजायच्या निमित्तानं आतल्या खोलीत गेले आणि दार लावून रडले. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही 'नको' म्हणाला नसता, फक्त रात्रभर जागला असता, तेवढ्यासाठी विचारलं नाही.

कामाला भिऊन सोडलं असं मात्र मनात आणू नका. २०२० साली कोविड वॉर्डात किट घालून सहा-सहा तास पाण्याचा घोट न घेता काढले, तेव्हा सोडायचा विचार कधी मनाला शिवला नाही. आता कळतं का ते. तेव्हा फळ्यावर लिहिलेलं असायचं, ऑक्सिजन कोणी बघायचा, इंजेक्शनं कोणी द्यायची, घरच्यांना फोन कोणी करायचा. अंग दमायचं, पण घरी आल्यावर झोप लागायची.

आताच्या वॉर्डात रात्री ३२ पेशंट आणि आम्ही दोघी. नर्सिंग कौन्सिलचं माप साध्या इस्पितळात पाच पेशंटमागं एक नर्स असं आहे. तेही मी सोसलं असतं. त्रास दुसराच आहे. डॉक्टर फोनवरून औषध सांगतात, "लावून टाका" म्हणतात. मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सांवरच्या मोठ्या बाई, म्हणतात, लिहून दिल्याशिवाय हात लावायचा नाही. ऑफिसला इन्शुरन्सची फाइल सकाळी आठच्या आत खाली पाहिजे. वॉर्डबॉय आला नाही तर ट्रॉली आम्ही ओढायची, क्लार्क नसला तर डिस्चार्जची बिलं आम्ही जुळवायची. चंदगडकडचा पेशंट आला की कानडी फॉर्म मराठीत समजावून सांगायचा. हे शेवटचं काम मला कोणी नेमून दिलं नव्हतं, पण ते मी आवडीनं करायची. त्या माणसांच्या तोंडावरची भीती उतरताना दिसायची.

श्रावणातली एक रात्र सांगते, आई, घाबरू नकोस, सगळं नीट झालं. ऑफिसमधून तीनदा फोन आला म्हणून मी फाइल घेऊन खाली गेले. वीस मिनिटं गेली असतील. वर आले तर एका आजोबांची सलाईन शिरेबाहेर गेलेली, हात कोपरापर्यंत सुजलेला. बाबांच्या हातासारखेच हात, राबलेले. लगेच सुई काढली, हात उशीवर उचलून ठेवला, शेक दिला, दुसऱ्या हाताला नवी लावली. ते मलाच म्हणाले, "असू दे पोरी, तू तरी किती ठिकाणी पुरणार?" सकाळी मला दोन मेमो मिळाले. एक वॉर्ड सोडून गेले म्हणून, दुसरा फाइल उशिरा पोचली म्हणून. त्या वेळी माझं काम नक्की कुठलं होतं, असं मी विचारलं. कोणीच उत्तर दिलं नाही. त्यानंतर महिनाभर घरी येऊन झोपले तरी कानात फोनच वाजायचा. दिवाळीत तुम्ही विचारलंत, पोर एवढी का वाळली. तेव्हा मी खोटं बोलले, बाबा. मेसच्या जेवणाचं कारण सांगितलं.

गेल्या वर्षी एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीनं आम्हा सगळ्या सिस्टर्सना एक प्रश्नावली भरायला दिली होती. १४ प्रश्न होते. रिझो, हाऊस आणि लिर्ट्झमन या तिघा अभ्यासकांनी १९७० साली तयार केलेली, आजही जगभर वापरतात. तुमच्या हातात अधिकार किती आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का, दोन माणसं तुम्हाला एकमेकांच्या उलट कामं सांगतात का, असं विचारलेलं. मी पेन धरून बसून राहिले. माझ्या दुखण्याला नाव आहे, हे मला तेव्हा कळलं. भूमिकेची संदिग्धता. आपल्याकडून नक्की काय हवंय हेच माणसाला कळत नसलं की ताण वाढतो आणि कामातलं समाधान जातं, हे १९६४ सालापासून अभ्यासक लिहीत आलेत, असं ती मुलगी म्हणाली. अकरा वर्षं मी समजत होते की मीच कुठंतरी कमी पडतेय.

बाबा, तुम्हाला हे समजावून सांगायची गरजच नाही खरं तर. मी आठवीत होते, तुमचा डबा घेऊन कौलाच्या कारखान्यात आले होते. भट्टीवरच्या माणसाला लॉरी भरायला बोलावलं म्हणून तुम्ही मुकादमाशी भांडत होता. "आच बघणाऱ्यानं आचच बघायची, नाहीतर अख्खी भट्टी जाते." साऱ्या खानापुरात त्या दिवशी माझ्या बाबांएवढा उंच माणूस नव्हता.

इनचार्ज व्हायला मी एका अटीवर तयार होते. कामं लेखी द्या म्हटलं. रोस्टर मी लावायचं तर सुट्टी मंजूर करायचा हक्क कोणाचा, औषधं कमी पडली तर जबाब कोणी द्यायचा, वॉर्डबॉय कोणाचं ऐकणार, एवढंच. दोन महिने वाट बघितली, कागद आला नाही. "तुम्ही सुरू करा, हळूहळू कळेल" म्हणाले. मग नाही म्हटलं. त्या खुर्चीत बसून मी माझ्यापेक्षा लहान पोरींना तसेच मेमो दिले असते. ते मला जमलं नसतं.

निपाणीला दोन दिवस जाऊन काम बघून आलेय. पेशंट आला की आधी वजन करायचं, बीपी बघायचं, मग हाताच्या फिस्तुल्यावर, म्हणजे मशीनसाठी धमनीला जोडून घेतलेल्या शिरेवर, बोटं ठेवायची. गिरण चालू असल्यागत घरघर लागते बोटांना. ती लागली की रक्त नीट वाहतंय. मग मशीन लावायचं आणि चार तास त्याच्याकडं लक्ष ठेवायचं. तीच माणसं आठवड्यातून दोनदा-तीनदा येतात. एक बाई दुसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्हीच लावणार नव्हं सुई?" माझी कामं एका कागदावर लिहून, सही करून दिलीत त्यांनी. तो कागद मी पर्समध्येच ठेवलाय.

राहायची काळजी करू नका. सेंटरपासून दहा मिनिटांवर खोली मिळालीय. घरमालकीण एकट्याच आहेत, आईच्या वयाच्या, सकाळी भाकऱ्या त्याच करून देणार. पाणी रोज येतं. तुम्हाला पाठवते तेवढे पैसे दर महिन्याला तेवढेच येतील, हप्ताही मीच भरेन. दादाकडे काही बोलू नका. आणि बाबा, हे वाचून परत कुठं वॉचमनच्या कामाला जायचं मनात आणलंत तर मी निपाणीहून रात्रीच निघून येईन.

लांब जातेय हेच तेवढं मनाला खातंय. इथून पाऊण तासात घरी यायची, आता अर्धा दिवस जाईल. आई, तू रताळ्याचे वेल लावताना मला बांधावर गोणपाटावर बसवायचीस आणि दर सरीच्या टोकाला आलीस की मागं वळून बघायचीस. मी हलले नाही ना, एवढंच. आज वॉर्डातून निघताना तेच आठवत होतं.

आता नीट ऐका. बाबा, शुगरची गोळी जेवणाआधीची जेवणाआधीच घ्यायची, "आज बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. रोज रात्री पाय धुऊन, पुसून तळवे बघायचे, दिसत नसेल तर आईनं बघायचे. शेतात अनवाणी जायचं नाही, बांधावरसुद्धा नाही. या डायलिसिसच्या खुर्च्यांवर शुगरवालेच किती बसलेत ते मी बघून आलेय. आई, गुडघ्यासाठी पाटावर बसून भांडी घासणं बंद. लोणचं पानात एकदाच. बीपी महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यात बघून वहीत लिहून ठेव, मी आले की वही बघणार.

आणि दिवाळीची वाट न बघता एकदा निपाणीला ये. आधार कार्ड घे, २०२३ च्या जूनपासून आपल्या कर्नाटकाच्या राज्यातल्या राज्यात धावणाऱ्या साध्या बसला बायकांना तिकीट नाही. बेळगावात बस बदलताना बोर्ड बघून चढ, महाराष्ट्राच्या एस.टी.त ते चालत नाही. बाबांचं तिकीट काढावं लागेल, ते मी देईन. तांदूळ, रताळी काही उचलून आणू नकोस. थोडी आंबोळी आणलीस तर चालेल.

बाबा, काही बोलावंसं वाटलं तर गुरुवारी दुपारी फोन करा, मला सुट्टी आहे. रागावलात तरी चालेल, पण करा.

तुमची
लेक