मोहेंजोदडोची गटारं आणि इनामगावचा पाट : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

प्राचीन संस्कृतींवर आमच्या शाळांत वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला जातो : हडप्पा संस्कृतीची वैशिष्ट्ये लिहा. मुलं लिहितात : काटकोनात छेदणारे रस्ते, भाजक्या विटा, महास्नानगृह, झाकलेली गटारं. पैकीच्या पैकी गुण पडतात. पण इ.स.पू. २६०० ते १९००, म्हणजे सुमारे सातशे वर्षं ही शहरं नांदती कशी राहिली, हे आपण मुलांना विचारतच नाही. मी इतिहास शिकवतो आणि हा प्रश्न वगळून तो धडा शिकवणं मला पटत नाही.

गटारांचंच घ्या. मोहेंजोदडोत घराच्या न्हाणीतलं पाणी गल्लीतल्या विटांच्या गटारात जाई. त्यावर विटा किंवा फरशा घातलेल्या असत, पण त्या उचलता येतील अशा. मधूनमधून गाळ साचायला खड्डे केलेले. म्हणजे गटार बांधणाऱ्यानं ते तुंबणार हे आधीच धरून चाललेलं होतं. झाकण काढायचं, गाळ उपसायचा, पुन्हा झाकायचं, हे काम पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी केलं आणि कुणीतरी ते करवून घेतलं. विटांचं १:२:४ हे प्रमाण आणि चर्ट दगडाची घनाकार वजनं हडप्पापासून लोथलपर्यंत एकाच मापाची सापडतात, त्यामागेही हीच शिस्त आहे. पुढे मोहेंजोदडोच्या उत्तरकाळात मोठ्या घरांच्या लहान लहान खोल्या झाल्या, वस्तीत कुंभारांच्या भट्ट्या लागल्या, गटारांची देखभाल सुटली. शहर मोडू लागल्याची खूण मला तिथे दिसते. पुस्तकातला धडा मात्र बांधकामापाशीच थांबतो.

हे समजून घ्यायला महाराष्ट्रातल्या मुलांना सिंधूच्या काठी जायची गरज नाही. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावचं पांढरीचं टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचा उंचवटा, आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं लोक त्या एका जागी राहिले. त्यांच्याकडे लिपी नव्हती, राजवाडा नव्हता, भाजक्या विटांची शहरं नव्हती. कुडाच्या आणि मातीच्या भिंतींची घरं, सातू, गहू, मसूर, कुळीथ, गुरंढोरं, लाल रंगावर काळी नक्षी असलेली जोर्वे भांडी (संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून या भांड्यांना आणि त्या काळाला हे नाव पडलं), असा सगळा संसार.

मग एवढं टिकलं कशामुळे? उत्खननात दगडमातीचा बांध आणि नदीचं पुराचं पाणी वळवणारा पाट मिळाला. तो एका घरानं खणलेला असणं शक्य नाही. पाटाचा गाळ दरवर्षी काढावा लागतो, बांध फुटला की सगळ्यांना धावावं लागतं. आमच्या तालुक्यात शेती करणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. गावात एक पाच खोल्यांचं मोठं घर सापडलं, आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार. ते घर गावप्रमुखाचं आणि कोठारात गावाचं धान्य, असा अर्थ संशोधकांनी लावला. इतर घरांतही पेवं आणि कणग्यांच्या जागा होत्याच. पण वाईट वर्षासाठी सगळ्यांनी मिळून काही बाजूला ठेवायचं, ही सोय मला त्या मोठ्या घरापेक्षा मोलाची वाटते.

लहान मूल गेलं तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, त्यात ठेवून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत. ज्या जमिनीत आपली लेकरं आहेत ती जमीन माणसं सहजासहजी सोडत नाहीत, असं मला वाटतं.

इ.स.पू. १०००च्या सुमाराला गोदावरी-प्रवरा खोऱ्यातली जोर्वे काळातली बहुतेक गावं उठली. प्रवरेकाठचं दायमाबाद, जिथली कांस्याची रथ-हत्तीची शिल्पं जगभर माहीत आहेत, तेही ओस पडलं. हवामान कोरडं होत गेलं, असं कारण ढवळीकरांनी मांडलं. इनामगावलाही झळ बसली. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकारीवरची भिस्त वाढली. तरीही ते गाव आणखी तीनशे वर्षं हललं नाही. दुष्काळात गाव कसं तगतं, हा आमच्या मुलांच्या घरातला प्रश्न आहे, आणि त्याचं तीन हजार वर्षांपूर्वीचं उदाहरण त्यांच्याच जिल्ह्यात आहे.

म्हणून माझी मागणी. सहावीच्या पुढे केव्हातरी, इतिहास ऐच्छिक विषय होण्याआधीच, इनामगाव आणि दायमाबादवर स्वतंत्र धडा असावा. ‘वैशिष्ट्ये लिहा’ याच्या जोडीला ‘ही व्यवस्था कोण सांभाळत असेल, आणि ती सांभाळणं थांबलं तर काय होईल?’ असा प्रश्न स्वाध्यायात यावा; त्याला एकच ठरावीक उत्तर नसलं तरी चालेल, गुण तर्काला द्यावेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयाची सहल जिल्हा परिषदेच्या शाळांना परवडेल असा प्रवासखर्च शिक्षण विभागानं द्यावा. आणि ज्या गावांत अशी पांढरीची टेकाडं आहेत, तिथल्या शिक्षकांना ती ओळखण्याचं आणि जपण्याचं प्रशिक्षण पुरातत्त्व विभागाच्या मदतीनं मिळावं. टेकाडाची माती शेतात टाकायला नेली की त्यातलं सगळं कायमचं जातं. हे थांबवायला गावातली शाळा सगळ्यात जवळची आहे.

अभ्यासक्रमाची पुढची फेररचना होईल तेव्हा हे पत्र समितीपुढे ठेवावं आणि समितीचं मत आम्हा शिक्षकांना लेखी कळवावं, ही विनंती.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक,
ता. शिरूर, जि. पुणे